कोठारी : धान्याच्या किल्लीपासून आडनावापर्यंत

जळगावच्या दाणा बाजारातून किंवा धुळ्याच्या आग्रा रोडने दुकानांच्या पाट्या वाचत निघावे. कोठारी, भंडारी, पारख, मुथा, सांखला, चोरडिया, लुंकड अशी आडनावे एकामागून एक भेटत जातात. यांतली काही गावांवरून पडली, काही एखाद्या पूर्वजाच्या नावावरून, काही राजपूत कुळांवरून. काही मात्र सरळ कामावरून पडलेली आहेत. पारख म्हणजे नाण्यांची व रत्नांची पारख करणारा. मुथा हे ‘महत्तर’ या जुन्या अधिकारवाचक शब्दापासून आलेले, ‘मेहता’च्या जवळचे रूप. भंडारी भांडाराचा आणि कोठारी कोठाराचा. आज कोठारी घराण्यात कोणी डाळमिल चालवतो, कोणी औषधांचे दुकान, कोणाचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला असतो. राजाच्या कोठाराची किल्ली आता कोणाच्याच कमरेला नाही. तरी नाव टिकून आहे, आणि ते मुळात एका पदाचे नाव आहे हे घरातल्या घरात विसरले जात आहे.

‘कोष्ठ’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आतली बंदिस्त जागा. म्हणून पोटालाही कोष्ठ म्हणतात आणि धान्याच्या खोलीलाही. मराठीत कोठा, कोठी, कोठडी हे सारे त्याच घरातले. कोष्ठागार म्हणजे धान्यागार. प्राकृतात त्याचे ‘कोट्ठागार’ झाले आणि पुढे ‘कोठार’. ते सांभाळणारा कोष्ठागारिक, म्हणजेच कोठारी. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकणाऱ्या श्रावक-श्राविकांच्या कानांवरून हा शब्द अनेकदा गेलेला असेल. भगवान महावीर गर्भात आल्यापासून सिद्धार्थ राजाच्या घरी ज्या ज्या गोष्टींची वृद्धी झाली, त्यांच्या यादीत राज्य, सैन्य, वाहने आणि कोश यांच्या जोडीने कोट्ठागारही आहे, आणि या वृद्धीवरूनच बालकाचे नाव वर्धमान ठेवले गेले. ज्ञाताधर्मकथेतील धन्य सार्थवाहाच्या चार सुनांची कथा तर आपल्याकडे लहान मुलांनाही सांगतात. साळीचे पाच दाणे फेकून देणारीला घराच्या झाडलोटीचे काम मिळाले, खाणारीला स्वयंपाकघर, पेरून गाडाभर पीक करणारी रोहिणी घराची प्रमुख झाली. ज्या सुनेने ते दाणे डबीत जपून ठेवले, तिच्या हाती सासऱ्याने भांडार सोपवले. जपणे ही स्वतंत्र योग्यता आहे आणि तिला घरात स्वतंत्र पद आहे, हा व्यवहार त्या कथेत गृहीतच धरलेला आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अध्यक्षासाठी एक पूर्ण प्रकरण आहे. ते वाचताना आपल्याच अडतीवरील जुन्या मुनिमाचे टिपण वाचत आहोत असे वाटते. कोणते धान्य कांडल्यावर किती उतरते, शिजवल्यावर किती वाढते, कोणत्या बीजातून किती तेल निघते, याची मापे त्यात दिली आहेत. धान्य उंचावर ठेवावे, गूळ-खांड गवताच्या घट्ट विणलेल्या पोत्यांत, तेल-तूप मातीच्या व लाकडी भांड्यांत, मीठ जमिनीवर, असे साठवणुकीचे नियम आहेत. साठ्याचा अर्धा भाग प्रजेच्या संकटकाळासाठी राखून ठेवावा, अर्धा वापरावा आणि नवे आले की जुने बाहेर काढावे, हा दंडक तर आजच्या कोणत्याही गोदामाला लागू पडेल. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. पाऊस मोजण्याचे कुंड कोष्ठागारात ठेवण्यास कौटिल्याने सांगितले आहे. धान्य राखणाऱ्याची नजर आभाळाकडेही असली पाहिजे, हे खानदेशातील व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ही केवळ पोथीतील व्यवस्था नव्हती. उत्तर प्रदेशातील गोरखपूर जिल्ह्यात सोहगौरा येथे सापडलेल्या प्राचीन धातुपटावर आणि आज बांगलादेशात असलेल्या महास्थान येथील शिलालेखात, आपत्काळी उपयोगी पडणाऱ्या कोठारांचा उल्लेख आहे. हे दोन्ही लेख साधारण मौर्यकाळातील मानले जातात. आपल्या जवळचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील चैत्यगृहाच्या लेखात दान देणाऱ्या स्त्रीने आपल्या पतीची ओळख राजाचा अमात्य आणि भांडागारिक अशी दिली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ‘भंडारी’ हे पद पत्नीने दगडावर कोरून ठेवण्याइतके मानाचे होते.

कामाचे आडनाव होण्याची ही रीत फक्त आपली नाही. इंग्रजांत लोहाराचा स्मिथ, शिंप्याचा टेलर आणि दळणाऱ्याचा मिलर झाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. कोठाऱ्याशी तंतोतंत जुळणारे त्यांचे आडनाव मात्र स्पेन्सर आहे. नॉर्मन राजवटीनंतर इंग्लंडच्या सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच वळणाची भाषा चाले. तेथे कोठीघरातून रोजचे जिन्नस मोजून काढून देणाऱ्या कारभाऱ्याला ‘डिस्पेन्सर’ म्हणत. त्याचेच पुढे स्पेन्सर झाले. औषधे मोजून देणारी ‘डिस्पेन्सरी’ही त्याच कुळातली. या नावाची माणसे पुढे कोठल्या कोठे गेली पाहा. आगरकरांच्या विचारांवर ज्याची मोठी छाप पडली तो तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर (१८२०–१९०३), राजघराण्यात सून म्हणून गेलेली डायना स्पेन्सर, आणि स्पेन्सर-चर्चिल असे जोडआडनाव असलेला विन्स्टन चर्चिल. मद्रासच्या प्रसिद्ध स्पेन्सर दुकानाच्या पाटीवरही तेच नाव होते. मला यांत सर्वांत आवडतो तो टॉमस स्पेन्सर. तो एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर रोखपाल होता. १८९४ मध्ये त्याने ३०० पौंड घालून मायकेल मार्क्सशी भागी केली आणि ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ उभी राहिली. नावाने कोठारी, पेशाने रोखपाल, शेवटी दुकानदार! आपल्या बाजारातल्या कितीतरी घराण्यांचा प्रवास याहून फार वेगळा नसावा.

मराठी मुलखात हेच काम वेगळ्या नावांनी चाले. शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने आणि बारा महाल सांगितले जातात. त्या बारा महालांत ‘कोठी’ हा एक महाल होता आणि ‘पोते’ म्हणजे खजिना हा दुसरा. पोतनीस आणि पोतदार ही आडनावे पोत्यावरून आली. किल्ल्यावर हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी व हिशेब आणि कारखानिसाकडे धान्यसामग्री, अशी वाटणी असे. म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकायचा त्याच्यावरही एकट्यावर टाकायचा नाही. कारखानीस हे आडनाव आजही महाराष्ट्रात आहे. ते ऐकून कापडगिरणी डोळ्यांपुढे येते, पण त्यामागे गडावरचे कोठार आहे. खानदेशात तर चौधरी, पाटील, देशमुख, कोतवाल अशी पदांचीच आडनावे गावोगाव झाली. आसोद्याच्या बहिणाबाई ज्या चौधरी घराण्यात नांदल्या, त्या नावाचा उगमही अधिकारपदातच आहे.

आपल्या कोठारी घराण्यांकडे यायचे तर वाट मारवाड, मेवाड आणि गुजरातेतून जाते. तेथील संस्थानांत जमिनीचा महसूल मोठ्या प्रमाणात धान्यातच घेतला जाई. खळ्यावर रास मोजून राज्याचा वाटा वेगळा काढण्याच्या पद्धतीला ‘लाटा’ म्हणत; उभ्या पिकाचा अंदाज बांधून वाटा ठरवला तर तो ‘कूंता’. असे जमा झालेले धान्य राखायचे, फौजेला व वाड्याला पुरवायचे, उरलेले भाव पाहून विकायचे आणि पै-पैचा हिशेब द्यायचा, याला लिहिता-मोजता येणारा माणूस लागे. तो बहुधा महाजन असे. हे काम फक्त जोधपूर-उदयपूरच्या दरबारातच होते असे नाही. लहानसहान ठिकाण्याच्या ठाकुराचेही कोठार असे आणि त्यालाही कोठारी लागे. म्हणूनच कोठारी हे आडनाव एका पुरुषापासून पसरलेले नसून अनेक गावी, अनेक कुळांत स्वतंत्रपणे उगवले, असे मानणे मला युक्त वाटते.

ओसवालांत याची खूण स्पष्ट दिसते. रणधीरोत कोठारी वेगळे आणि चोपडा गोत्रातून निघालेले कोठारी वेगळे. गुजरातेत पालनपूरकडचे जैन कोठारी आहेत, तसे वैष्णव वाणियांतही कोठारी आहेत. स्वामिनारायण संप्रदायाच्या मंदिरांत तर कोठारी हे आजही चालू पद आहे. मंदिराचा कारभार पाहणाऱ्या साधूला ‘कोठारी स्वामी’ म्हणतात. सावदा-भुसावळ परिसरातील लेवा पाटीदार शेजाऱ्यांना हा शब्द चांगला परिचित आहे. आडनाव होण्यापूर्वी हा शब्द कसा वावरत असेल, ते आपल्या जिल्ह्यातच पाहता येते.

या नावाच्या माणसांनी मोठ्या जबाबदाऱ्या पेलल्या. एकोणिसाव्या शतकात मेवाडचे प्रधानपद कोठारी केसरीसिंह यांच्याकडे आले. त्याच उदयपुरात १९०६ मध्ये दौलतसिंह कोठारी जन्मले. अलाहाबादला मेघनाद साहांचे शिष्य, पुढे केंब्रिजला संशोधन, मग दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्राचे अध्यापन. स्वतंत्र भारताच्या संरक्षण खात्याचे ते पहिले वैज्ञानिक सल्लागार आणि १९६१ पासून बारा वर्षे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. १९६४ ते १९६६ या काळात त्यांनी ज्या शिक्षण आयोगाचे नेतृत्व केले, तो ‘कोठारी आयोग’ म्हणूनच ओळखला जातो. दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी ही आपल्या मुलांच्या शिक्षणाची आजवरची चौकट त्या अहवालातून देशभर रुजली. अकरावीची जुनी मॅट्रिक झालेले आजोबा आणि दहावीचे वडील यांच्यामधली रेघ हीच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, हा आग्रहही त्याच अहवालाचा, आणि तो आजही निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत फिरतो. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते. कोठारी आणि नाईक, दोन्ही आडनावे पदांचीच!

राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी (१९२८–२०१५) हे पालनपुरी जैन हिरेव्यापाऱ्यांच्या घरातले. त्यांचे बालपण ब्रह्मदेशात गेले. घरचा व्यापार बाजूला ठेवून त्यांनी १९६३ मध्ये दिल्लीत विकसनशील समाजांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन केले. भारतात जात राजकारणाला वापरते की राजकारण जातीला, हा प्रश्न त्यांनी ज्या रीतीने मांडला, त्याचा आधार घेतल्याशिवाय आजही या विषयावरची चर्चा पुढे जात नाही. कोमल कोठारी (१९२९–२००४) यांनी विजयदान देथांच्या साथीने जोधपूरजवळच्या बोरुंदा गावी ‘रूपायन संस्थान’ उभारले आणि लंगा-मांगणियार गायकांची गाणी वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केली. वाळवंटातील जी गाणी यजमानांच्या अंगणापुरती होती, ती त्यांच्यामुळे जगाच्या रंगमंचावर गेली. केरसुणीसारख्या वस्तूभोवती त्यांनी जोधपूरजवळ संग्रहालय रचले, यावरून त्यांची जपण्याची दृष्टी कळावी.

भंडारी या जुळ्या नावाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. जोधपूरच्या भंडारी घराण्यांनी दिवाण आणि सेनानी दिले. महाराजा अभयसिंहांचे नायब म्हणून भंडारी रतनसिंह यांनी १७३३ ते १७३७ या काळात गुजरातचा सुभा सांभाळला, आणि त्यांचा बहुतेक काळ दमाजी गायकवाडांच्या मराठी फौजांना तोंड देण्यातच गेला. हिंदी कादंबरीकार मन्नू भंडारी (१९३१–२०२१) याही ओसवाल घराण्यातल्या. १९३४ मध्ये निघालेल्या ‘ओसवाल जाति का इतिहास’ या ग्रंथाच्या संपादकांत त्यांचे वडील सुखसंपतराय भंडारी अग्रभागी होते. राजेंद्र यादवांशी विवाह झाल्यावरही मन्नूजींनी माहेरचे नाव सोडले नाही. पण कोकणातील भंडारी समाज वेगळा, पंजाबातील खत्री भंडारी वेगळे, गढवाल-नेपाळचे भंडारी आणखी वेगळे. नाव सारखे म्हणून नाते लावत बसलो तर आपण काठमांडूपर्यंत जाऊ.

हे सारे विवेचन केवळ कुतूहलासाठी असते तर येथेच थांबता आले असते. परंतु सोयरिकीच्या बैठकीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. मुलगा कोठारी, मुलगी कोठारी, म्हणून पत्रिका पुढे न पाहताच स्थळ परत पाठवणारे पालक आपल्या समाजात आहेत. वास्तविक एकाचे मूळ रणधीरोत आणि दुसऱ्याचे चोपडा असेल तर ते सगोत्र ठरत नाहीत. उलट बाजूची चूकही तितकीच संभवते : एक घर चोपडा आणि दुसरे कोठारी, म्हणून निर्धास्तपणे बोलणी सुरू होतात आणि मूळ गोत्र एकच असल्याचे साखरपुड्याच्या तोंडावर एखाद्या वृद्ध आत्याला आठवते. गोत्र पाळावे की नाही याविषयी आजच्या तरुणांची मते निरनिराळी असतील. पण ज्याला पाळायचे आहे त्याला ते ठाऊक तर असले पाहिजे.

त्यात आता ‘जैन’ या आडनावाची भर पडली आहे. खानदेशात अनेक ओसवाल घराण्यांनी गोत्राऐवजी ‘जैन’ लिहिणे पत्करले. त्यामागे एकोप्याची भावना होती, पंथ-उपपंथ मागे टाकण्याची इच्छा होती, आणि व्यवहारात ते सोपेही होते. वाकोदच्या भवरलालजींमुळे तर ‘जैन’ हे नाव ठिबकच्या नळ्यांवरून देशोदेशींच्या शेतांत पोहोचले. २०१४ मध्ये समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यावर शाळेच्या दाखल्यावर ‘जैन’ असण्याचे महत्त्व अधिकच वाटू लागले. माझ्या मते दाखल्यावर धर्माचा रकाना वेगळा आहे, त्यात ‘जैन’ अवश्य लिहावे. आडनावाच्या रकान्यातही तेच लिहिले की दोन पिढ्यांत गोत्र पुसले जाते. ज्यांनी आधीच बदल केला आहे त्यांनी राजपत्रासाठी धावपळ करण्याचे कारण नाही. विवाहपत्रिकेत मारवाडातील मूळगाव कंसात छापण्याची आपल्याकडे रीत आहेच. त्याच कंसात मूळ गोत्राचा एक शब्द वाढवता येईल. श्रीसंघांच्या परिचय-पुस्तिकांतही ‘कोठारी’ एवढ्यावर न थांबता ‘कोठारी (रणधीरोत)’ किंवा ‘कोठारी (चोपडा)’ असे छापावे. मुलींच्या नावापुढे माहेरचे गोत्र आवर्जून द्यावे, कारण आजवर बहुतेक वंशावळींत त्या एका ओळीत संपतात.

माहिती मिळवायची कोठून, असे कोणी विचारील. ओसवालांच्या वंशावळी राजस्थानातील कुलगुरू-महात्मे आणि भाट यांच्या वह्यांत लिहिलेल्या असत. ते पूर्वी खानदेशापर्यंत फिरत येत आणि नव्या जन्मांची नोंद करून घेत. घरातील कोणा वडीलधाऱ्या माणसाला त्यांचे गाव आठवत असेल तर ते आजच टिपून ठेवावे. दुसरा साठा आपल्याच माळ्यावर आहे. लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्यांत पहिल्या पानावर मंगलाचरणानंतर पेढीचे नाव, पूर्वजांची नावे आणि कित्येकदा मूळगावही लिहिलेले असते. अडचण लिपीची आहे. या वह्या बहुधा ‘मुडिया’ म्हणजे महाजनी लिपीत असतात आणि तिला काना-मात्रा नसतात. काका अजमेरला गेले हे पत्र ‘काका आज मेले’ असे वाचून घरी रडारड झाल्याचा जुना विनोद याच लिपीचा. ती सहज वाचू शकणारे लोक आता फार थोडे उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक ऐंशीच्या घरात आहेत.

धुळे या बाबतीत भाग्यवान आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरचा श्वास १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच घेतला. त्यांनी जमवलेली दप्तरे तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जपली, आणि त्यांचा ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ त्यांच्या पश्चात तेथूनच प्रसिद्ध झाला. गावोगावी पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवून पाहणाऱ्या त्या माणसाला घराण्यांच्या कागदांची किंमत कळली होती. अनेक ठिकाणी त्यांच्या आधी वाळवी पोहोचलेली असे.

लग्नघरात आजही एक खोली ‘कोठार’ म्हणून बाजूला काढतात. तेल-तुपाचे डबे, साखरेची पोती, सुकामेवा, आहेराचे कापड तेथे असते, आणि तिची किल्ली घरातील एका निवडक व्यक्तीकडे दिली जाते. ती व्यक्ती चार दिवस धड जेवत नाही, आचाऱ्याने मागितलेला प्रत्येक जिन्नस मोजून देते आणि संध्याकाळी उरलेले लिहून ठेवते. ही जबाबदारी पत्करणारे मामा किंवा काकू हे त्या चार दिवसांचे खरे कोठारी. त्यांचे आडनाव छाजेड असो वा बाफना.